माळावरची टिटवी, ओढ्यातली टिटवी

टिटव्या दोन जातीच्या असतात हे मला माझ्या धाकट्या जावेनं सांगितलं, आणि त्याबद्दल मी तिला कधी माफ केलं नाही. आता म्हातारपणी या गोष्टीचं हसू यायला हवं. येत नाही.

मी तळेगावची. माहेर स्टेशनाच्या अलीकडे, शेत नाही, गोठा नाही, परसात चार तुळशी आणि एक कढीपत्ता. लग्न करून आले ती कार्ल्याला, डोंगराखालच्या भातशेतीच्या घरात. हे लोणावळ्याला रेल्वेच्या इंजिनशेडमध्ये. विजेची गाडी तेव्हा नवी होती, तिचं कौतुक यांना इतकं, की आठवड्यातून एक दिवस घरी यायचे तोही तारांच्या गप्पा मारण्यात जायचा. सासूबाई मी येण्याआधीच गेलेल्या. घरात दीर, आणि सासरे. सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, म्हणून आम्हीही आबाच म्हणायचो.

शेतातलं मला काही म्हणजे काही येत नव्हतं. गोवऱ्या थापल्या तर भिंतीवरून सुटून खाली पडायच्या. भाताच्या लावणीला उभी राहिले तर माझीच ओळ वाकडी. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, ‘तळेगावची बाई आली गं!’ मला रडू यायचं, आणि रडण्यापेक्षा राग जास्त यायचा.

अशा मला त्या घरात मान मिळाला तो टिटवीमुळे.

आमच्याकडे चैत्र-वैशाखात राब भाजायची पद्धत. भाताचं रोप, म्हणजे तरवा, जिथे वाढवायचा त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, झाडांचे टाहाळ पसरून पेटवायचं. त्या भाजलेल्या जमिनीत बी टाकायचं. आमच्याकडे राबाला दोन जागा होत्या. एक वर माळाच्या कडेला, एक खाली ओढ्याकाठी. शेण-पाला एकाच जागेला पुरायचा. पाऊस भरपूर असेल तर राब वर, नाहीतर ओढ्याकाठचं बी वाहून जातं. पाऊस कमी असेल तर खाली, कारण वरची जमीन लगेच वाळते. आता पाऊस किती पडणार हे चैत्रात कोण सांगणार? तर टिटवी सांगणार. तिनं उंचावर अंडी घातली तर पाऊस जास्त, सखल जागी घातली तर कमी. आबांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलं होतं.

आबा स्वतः जाऊन अंडी बघायचे. पण मी आले त्या सुमाराला त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. माणूस समोर आलेलं कळायचं, कोण ते कळायचं नाही. दिराला असल्या गोष्टींचा कंटाळा. पहिल्याच वर्षी मी सरपणाला म्हणून माळावर गेले आणि वाट चुकले. फिरता फिरता एक पक्षी पायातून उठल्यासारखा उठला. बघते तर खड्यांच्या कडबोळ्यात चार अंडी, मातकट, काळे डाग पडलेली. टोकं आत, बूड बाहेर, कुणी हातानं मांडावीत तशी. घरी येऊन आबांना सांगितलं. त्यांनी मला चार वेळा विचारलं, नक्की टिटवीच ना? लांब पिवळे पाय ना? मी म्हटलं, हो. त्यांनी राब वर भाजला. त्या वर्षी पाऊस असा पडला, की ओढ्याकाठी राब भाजणाऱ्यांनी कपाळाला हात लावला.

झालं! ‘आमच्या थोरलीची नजर लय बारीक हाय,’ आबा पारावर सांगत सुटले. पुढच्या चैत्रात त्यांनी मलाच हाक मारली, ‘थोरले, जा, टिटवी बगून ये.’ ती पहिली खेप धरून सलग पाच वर्षं मी गेले, पाच वर्षं माळावर अंडी सापडली, पाच वर्षं भरपूर पाऊस पडला. गावातले बाप्ये येऊन मला विचारायचे, ‘वयनी, औंदा कुटं घातली?’ मी पदर सारखा करून, जरा वेळ घेऊन सांगायची. काय तो तोरा माझा! मावळात भरपूर पाऊस पडणार हे सांगायला टिटवी कशाला हवी, कोणीही सांगेल, हे तेव्हा मला कुठून सुचणार?

पाचव्या वर्षी, पावसाच्या तोंडावर, दिराचं लग्न झालं आणि धाकटी आली. मळवलीच्या पलीकडची, इंद्रायणीच्या काठची. रंगानं सावळी, बोलायला कमी. गोवऱ्या अशा थापायची की भिंतीवर बोटांची नक्षी उठायची. लावणीत ती पुढे आणि बाकीच्या बायका मागे. आल्यापासून दोन महिन्यांत ‘धाकटीला इचारा’ हे वाक्य घरात ऐकू यायला लागलं. माझ्या पोटात दुखायचं ते तिथेच. ती काही मिरवायची नाही, हे तर आणखीनच वाईट. मिरवली असती तर चार शब्द सुनावता आले असते. मी मनाशी म्हणायची, कर बाई, सगळं कर. टिटवी मात्र माझी आहे.

चैत्र आला. आबांनी मला हाक मारली. मी मुद्दाम धाकटीला बरोबर घेतलं. तिनं बघावं म्हणून. माळावर जाऊन मी तिला ऐटीत अंडी दाखवली. ती वाकून बसली, पक्ष्याकडे बघितलं, परत अंड्यांकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, ‘आक्का, ही ती न्हाई.’

‘ती नाही म्हणजे?’

‘पाऊस सांगती ती येगळी. ही माळटिटवी.’

मी तिच्यावर डोळे वटारले, तरी ती सांगत राहिली. राग यावा इतक्या शांतपणे. पाऊस सांगणारी टिटवी पाण्याकाठची. डोकं आणि छाती काळीभोर, डोळ्यापुढे लाल मांस लोंबतं, चोचही लाल, फक्त टोकाला काळी. माळावरचीचं मांस पिवळं. डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखी, तिच्याखाली पांढरी कड, आणि छाती मातीच्या रंगाची. पाय दोघींचे पिवळे, पण हिचे जास्त लांब आणि जास्त पिवळे. अंडी दोघींची सारखीच, हिची जराशी लहान. आणि आवाज! लाल मांसाची नुसती ओरडते, टिटिव टिव, टिटिव टिव, गावभर. तिच्या अंड्यांजवळ गेलं की डोक्यावर झेप घेते आणि अंडी कुठे आहेत ते स्वतःच सांगून टाकते. पिवळी मात्र गुपचूप उठते, काही झालंच नाही असं दाखवत चालत लांब जाते आणि तिथून बघत राहते. दोन-तीन बारीक शिट्ट्या, बस्स.

‘लाल मांसाची पानी बगून अंडी घालती,’ धाकटी म्हणाली. ‘कदी वर, कदी खाली. म्हनून तिला इचारायचं. ही पिवळी पाऊस असू दे न्हाईतर नसू दे, माळावरच घालनार. हिला खाली जमतच न्हाई.’

मी त्या पक्ष्याकडे बघितलं. पिवळं मांस. काळी टोपी. पाच वर्षं मी याच पक्ष्याकडे बघत होते आणि एकदाही नीट बघितलं नव्हतं. माझे कान तापले. पाच वर्षांचा माझा तोरा हिनं एका दमात काढून घेतला, आणि तेही चारचौघांत नाही, एकांतात, माझी लाज राखून! मला वाटलं, हिनं ओरडून सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

‘आबांना सांगितलंस का?’ मी विचारलं.

‘न्हाई वो. मी कशाला सांगू? तुमचं काम हाय ते.’

दोन दिवसांनी तिनं मला ओढ्यात नेलं. ओढा आटला होता. मधोमध गोट्यांच्या पट्टीवर लाल मांसाची टिटवी अंड्यांवर उभी होती. बसली नव्हती, उभी होती, उन्हात त्यांच्यावर सावली धरून. आम्हाला बघून तिनं जो आकांत मांडला! जोडीदारही कुठूनसा आला आणि तोही ओरडायला लागला. धाकटीनं दाखवलं, बघा, हिची पोटाची पिसं ओली आहेत. डोहात जाऊन पोट भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. पाऊस कमी असणार, म्हणून ओढ्याच्या मधोमध घातलीत.

‘उद्या आबांना हितं आनू,’ ती म्हणाली. ‘डोळ्यानं दिसत न्हाई तर हातानं चाचपू द्या. तुमीच त्यांचा हात धरून आना, आक्का. तुमीच सांगा, मला सापडली म्हनून. मी काय बोलनार न्हाई.’

एवढी चांगुलपणाची भाषा ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे आता माझा मान हिच्या दानावर! उद्या मी सांगणार, आबा म्हणणार शाब्बास, आणि ती मागे उभी राहून गप्प बसणार, आणि आम्हा दोघींनाच ठाऊक असणार की मला येत नाही. आयुष्यभर. मला ते सहन होण्यासारखं नव्हतं.

दुपारी सगळे आडवे झाले तेव्हा मी ओढ्यात गेले. टिटवी डोक्यावर झेपा घेत होती, तिचे पंख केसांना लागल्यासारखे वाटत होते. मी चारही अंडी उचलून पदरात टाकली. ओलसर गार लागली हाताला. तशीच माळावर निघाले. काय करायचं ते ठरलेलं नव्हतं. वर नेऊन ठेवली की उंचावर घातल्यासारखी होतील, असंच काहीतरी वेड्यासारखं डोक्यात होतं. वाटेत एक अंडं पदरातच फुटलं. उरलेली तीन मी माळावर खड्यांत ठेवली आणि घरी आले. पुन्हा जाऊन बघितलं तेव्हा त्यांना मुंग्या लागल्या होत्या.

संध्याकाळी मी आबांना सांगितलं, ‘माळावर आहेत, आबा. पाऊस भरपूर.’

दुसऱ्या दिवशी धाकटी ओढ्यावर धुणं घेऊन गेली. थोरलीचं लुगडं धाकटीनं धुवायचं ही आमच्या घरातली रीत. माझ्या ध्यानातच आलं नाही! ती परत आली, लुगडी वळणीवर टाकली, आणि माझ्याजवळून जाताना म्हणाली, ‘डाग निगाला, आक्का.’

एवढंच. मी चुलीतलं लाकूड उगीचच पुढेमागे करत राहिले. आता ही सांगणार, मला वाटलं. आज सांगेल, उद्या सांगेल. ती काही सांगेना. आबांनी तिला माझ्यासमोर विचारलंसुद्धा, ‘तुला काय वाटतं गं? तू नदीकाठची.’ ती म्हणाली, ‘आक्का म्हनत्यात तेच खरं.’

राब वर भाजला गेला. आणि मग एक नवल घडलं. बी टाकायच्या दिवशी पहिली मूठ आबांनी माझ्या हातानं टाकायला लावली. धाकटी टोपली घेऊन पुढे झाली तर म्हणाले, ‘तू न्हाई. तू लांब ऱ्हा. माळावर येत जाऊ नगंस.’ सगळ्यांसमोर. ती टोपली खाली ठेवून घरी गेली. मला कारण माहीत नव्हतं आणि विचारायचीही गरज वाटली नाही. इतकी आनंदले मी! शेवटी ओळखलं म्हातारबुवांनी कोण थोरली नि कोण धाकटी. त्या दिवशी मी भाकरी करताना गुणगुणत होते, हे मला चांगलं आठवतं.

मृगाच्या दोन-चार सरी आल्या, बी उगवलं. आणि पाऊस गेला. आठ दिवस, पंधरा दिवस, तीन आठवडे. आभाळ यायचं आणि डोंगरावरून पलीकडे निघून जायचं. माळाकडचा तरवा शेंड्यापासून पिवळा पडायला लागला. खाली ओढ्याकाठी किराणा दुकानवाल्या चाचांचा राब होता, तो हिरवागार. चाचांची बायको मला म्हणाली, ‘आम्ही बाई टिटवीला विचारत नाही. जवळ पाणी असेल तिथं टाकतो.’ मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

मी आणि दीर डोहातून घागरी भरून वर न्यायला लागलो. सकाळी दहा खेपा, संध्याकाळी दहा. धाकटीला माळावर बंदी, म्हणून ती डोहापासून चढाच्या पायथ्यापर्यंत घागर आणायची आणि तिथे ठेवायची. आमच्याशी बोलायची नाही, आणि रागही दाखवायची नाही. माझे खांदे सोलवटले. तरवा निम्मा जळाला तो जळालाच.

एके दिवशी सकाळी मी घागर ठेवून पडवीत टेकले. आबा खांबाला पाठ लावून बसले होते. म्हणाले, ‘थोरले, लय झिजतीस गं. तुजं काय चुकलं न्हाई. धाकटीच्या पायाचं हाय हे सगळं.’

‘म्हणजे?’

‘डोळं गेल्यात माजं, कान न्हाई गेलं. चैतात ओढ्यातली टिटवी तीन दिस वरडत हुती. जिची अंडी जात्यात तीच तशी वरडती. राब भाजून झाल्यावर मी धाकटीला इचारलं, अंडी कुनी नेली गं? ती म्हनली, मीच तुडवली आबा, बगितलं न्हाई. आता टिटवीची अंडी तुडवलेल्या पायानं बियात कसं येऊ द्यायचं? सांग तूच.’

मूठ माझ्या हातात आली ती अशी! मी गुणगुणत भाकऱ्या केल्या त्या यावर!

मी आबांच्या पायाशी बसले आणि सांगून टाकलं. ‘आबा, तिनं नाही तुडवली. मी उचलली. पदरातून माळावर नेली. माळावरची टिटवी वेगळी, ओढ्यातली वेगळी, मला पाच वर्षं ठाऊकच नव्हतं. तिनं दाखवलं म्हणून मी जळले. सगळं मी केलं.’

आबांनी चाचपडत माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचे ते धुरकट डोळे भरून आले होते.

‘थोरली शोभतीस बग,’ ते म्हणाले. ‘जावंचं पाप आपल्यावर घ्यायाला निगालीस. पर मला नगं फसवू. तिनं तिच्या तोंडानं कबूल केलंय.’

‘आबा, देवाशपथ सांगते!’

‘शपथ घिऊ नगंस. तुजं मन मोठं हाय, मला ठावं हाय.’

मी आणखी बोलायला गेले तर त्यांनी हात वर केला. विषय संपला. आत धाकटी तांदूळ निवडत होती. मधे फक्त कुडाची भिंत. सगळं ऐकलं होतं तिनं. मी आत गेले, तिच्यासमोर उभी राहिले, तर ती सूप बाजूला ठेवून उठली आणि म्हणाली, ‘चला आक्का, घागरी भरू. ऊन चडलं मंग तरवा पानी घेत न्हाई.’

मी म्हटलं, ‘तू खोटं का बोललीस?’

‘तुमाला टिटवीशिवाय काय हुतं हितं?’ ती म्हणाली आणि घागर उचलून निघाली.

रागानं म्हणाली नाही. खरं तेच म्हणाली. मला त्या क्षणी तिचा जेवढा हेवा वाटला तेवढा तिच्या गोवऱ्यांचा नाही, लावणीचा नाही, टिटव्या ओळखण्याचाही नाही वाटला. मला तिच्यासारखं एक वाक्य बोलता आलं नसतं. मी तिचं सगळं घेतलं, आणि वर मोठ्या मनाचीही मीच ठरले.

पुढे पाऊस आला, पुनर्वसूत, आणि इतका आला की ओढा काठ सोडून वाहिला. तेव्हा ती लाल मांसाची खरी ठरली की खोटी, मला आजही सांगता येणार नाही. चाचांनी आपला उरलेला तरवा दिला म्हणून आमची भाताची निम्मी खाचरं तरी लागली.

मला वाटलं होतं, वर्ष सरलं की आबांचा राग निवळेल. पुढच्या चैत्रात त्यांनी पडवीतून हाक मारली, ‘थोरले, जा, बगून ये.’ मी धाकटीला म्हटलं, ‘चल, दोघी जाऊ. आधी ओढ्यात बघू, लाल मांसाची. या खेपेला तू सांग आबांना. मी मागे उभी राहते.’

ती चुलीशी बसली होती. मागे वळून न बघता म्हणाली, ‘मला बंदी हाय, आक्का.’

‘माळावर बंदी आहे. ओढ्यात नाही.’

‘टिटवी असंल तितं बंदी हाय. कालच बोलले मला आबा. तुमीच जावा.’

मी एकटीच गेले. ओढ्याच्या पट्टीवर टिटवी नव्हती. गेल्या वर्षीचे गोटे तेवढे होते. मग माळावर गेले. पिवळी पायाजवळून गुपचूप उठली, न ओरडता चालत लांब गेली, आणि तिथून माझ्याकडे बघत उभी राहिली. मी घरी आले. आबांनी विचारलं, ‘कुटं घातली?’

‘माळावर,’ मी म्हटलं.

‘शाब्बास,’ आबा म्हणाले. आत धाकटीच्या हातातली भाकरी थापायची थांबली, आणि मग पुन्हा सुरू झाली.